बाटलीचं चाक

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कवडी निवडणं. कवडी म्हणजे किडका, पिवळा कापूस. त्या साली बोंडअळीनं अर्धा ढीग तसाच करून ठेवलता. ओसरीत एका अंगाला ती, एका अंगाला मी. तिचे पाय सुजलेले.

"हत्तीण झाली वं तू," मी म्हणलं.

"मग माहूत व्हा, अन् चहा मांडा."

दुपारी तिला चक्कर आली. आमच्याकडे अशक्तपणा म्हणजे सलाईन. बाटली उतरली की माणूस उठतो, एवढंच आम्हाला ठाऊक. डॉक्टर आला, प्रेशर मोजलं, पाय दाबून पाहिले. "बाटली नको, यवतमाळला न्या," म्हणाला. मी भांडलो. शेवटी त्यानं लावली, पण थेंबथेंब. "नळीच्या चाकाला हात लावू नका," सांगून गेला.

ती म्हणाली, "अजी, लवकर उतरवा ना. कापूस पडून राह्यला."

मी चाक फिरवलं. धार लागली.

बाटली उतरली अन् तिला धाप लागली. मग तोंडाला फेस. यवतमाळच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपली होती.

तिथल्या डॉक्टरीणबाईनं समजावलं. रक्ताच्या नळीला आतून अस्तर असतं. अंगात पाणी वाढलं की ते अस्तर काहीतरी सोडतं, डोळ्याला न दिसणारं, अन् नळीला सांगतं, ढिली हो. मग दाब आवरतो. जुन्या प्रेशरनं हिचं अस्तर खराब झालतं. सांगणारंच उरलं नव्हतं. नळ्या आवळलेल्या राहिल्या, मूत्रपिंडानं पाणी काढलं नाही, ते फुप्फुसात शिरलं.

"सलाईन हळू गेलं असतं तर इथवर यायला वेळ मिळाला असता," बाई म्हणाल्या.

सरणाजवळ साळा म्हणाला, "भाऊजी, त्या डॉक्टरनं मारलं माह्या बहिणीले. उद्या त्याचे हातपाय तोडतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सरणावर लाकूड ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळा चौघांना घेऊन निघाला, काठ्या घेऊन. मी दारात आडवा उभा राहिलो. ओसरीच्या खिळ्याला रिकामी बाटली तशीच लटकलेली होती, खाली निवडायचा ढीग. बाटली काढली, नळीसकट त्याच्या हातात दिली.

"हे चाक म्या फिरवलं," मी म्हणलं. "मारायचं त मले मार."