मेलेल्या मण्यारीचा दात

मेलेल्या मण्यारीचं तोंड मी उघड्या हातानं उघडायला गेलो आणि तिचा दात माझ्या अंगठ्यात शिरला.

भंडाऱ्याच्या एका रुग्णालयात, अतिदक्षता विभागात, सर्पदंशावर एक अभ्यास चालला होता आणि मी त्यावर नोकरीला होतो. शिक्षण प्राणिशास्त्राचं, पण गळ्यात ओळखपत्र अडकवून खाटांमधून फिरलं की लोक डॉक्टरच समजतात, आणि मीही कुणाची समजूत कधी मोडली नाही. माझी कामं दोन. पहिलं, साप ओळखणं. आमच्याकडे रुग्णाबरोबर सापही भरती व्हायला येतो. कुणी बरणीत आणतं, कुणी सिमेंटच्या पोत्यात. डॉक्टरनं विचारलं तर दाखवायला नको? दुसरं काम, रुग्णाला थोड्या थोड्या वेळानं तपासून नोंद करणं. पापण्या उचलतात का, मान धरवते का, एका दमात कुठपर्यंत आकडे मोजता येतात. मण्यार चावली की ना सूज येते, ना धड दुखतं. आधी पापण्या जड होतात, मग जीभ, मग श्वासच घेता येत नाही.

त्या सकाळी आसगावाकडून धानाच्या रोवणीच्या कामावर जाणारी एक मावशी आली. खाली सतरंजीवर झोपली होती, पहाटे पोटात कळ आली, म्हणून मुलानं अंथरूण झटकलं तर त्यात मण्यार. आईला गाडीत घालून तो सापही घेऊन आला होता, लोणच्याच्या बरणीत, दोन तुकड्यांत.

"मुंडकं अलग केलं साहेब," तो म्हणाला. "पुन्हा उठली तं?"

"आता काय उठते!" मी हसून म्हटलं आणि बरणी उपडी केली.

अभ्यासासाठी फोटो काढायचा होता. मला वाटलं, दातांसकट काढला तर वरिष्ठ खूश होतील. हातमोज्यांचा डबा समोरच्याच फळीवर होता. एका हातात मोबाइल धरला, दुसऱ्या हातानं डोकं दाबलं. आणि त्या डोक्यानं, ज्याच्यामागे साप म्हणून काही उरलंच नव्हतं, जबडा मिटला.

"चावली काय?" मुलानं विचारलं.

"छे छे."

"रक्त हाय ना साहेब."

मी अंगठा पँटला पुसला. त्यानं माझं मनगट धरलं आणि ओढतच मला मॅडमपुढे उभं केलं. विभाग त्याच चालवायच्या.

"जिवंत होता साप?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"अख्खा होता?"

"फक्त डोकं."

मॅडमनी क्षणभर डोळे मिटले. मग मला मावशीच्या शेजारची खाट दाखवली.

"विषावरचं इंजेक्शन देऊन टाका ना," मी आडवा होता होताच म्हटलं.

"लक्षण काय आहे?"

"अजून काही नाही."

"मग? त्या औषधाचीही रिॲक्शन येते. नातेवाइकांना तुम्हीच समजावता ना? थांबून बघू."

थांबून बघू! हे मी कितीतरी माणसांना सांगितलं होतं, खास कमावलेल्या मऊ आवाजात, खांद्यावर हात ठेवून. आता खाटेवर पडून तेच ऐकायची पाळी माझी होती.

बघायला शेजारी मावशी होतीच. तिच्या पापण्या निम्म्यावर आल्या होत्या. तिला औषध चढवलं होतं, तरी जीभ जड होत गेली. मुलगा "माय, माय" करत होता आणि ती त्याच्याकडे बघायला हनुवटी वर करत होती, कारण पापणी वर जात नव्हती. थोड्या वेळानं हनुवटीही वर जाईना. मग धावपळ, पडदा, घशात नळी, आणि यंत्राचा तो एकसारखा सुस्कारा. पडद्याच्या फटीतून मी सगळं पाहिलं. साप तोच. तिच्या खाटेवर जे झालं ते आता माझ्या खाटेवर व्हायचं, एवढंच मला कळत होतं.

मॅडम आल्या. "मोजा." पहिल्या वेळी मी शाळेतल्यासारखे घडाघडा आकडे म्हटले. पुढच्या वेळी निम्म्यावरच दम संपला.

"विषानं की भीतीनं?" मी विचारलं.

"तेच तर कळत नाहीये," त्या म्हणाल्या.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात मी पापण्या बघत बसलो. डावी खाली आली होती, नक्की आली होती. मग स्वतःच्याच लग्नाचे फोटो उघडून पाहिले, तेव्हाही ती अशीच होती का म्हणून. नवरदेवानं सगळ्या फोटोंत डोळे मिटलेले. घशात थुंकी अडकली की गिळणं गेलं असं वाटे. पायाला मुंग्या आल्या की तोही गेला.

मुलानं मॅडमना विचारलं, "मायले ऐकू येऊन राहिलं काय?"

"सगळं येतं. त्या जाग्या आहेत. फक्त हलता येत नाही. बोलत राहा त्यांच्याशी."

जागं असायचं, सगळं ऐकायचं, आणि एक पापणी हलवून सांगता येऊ नये की अरे, मी इथंच आहे! मग मला कुणी सांगावं लागलं नाही. मी मोठमोठ्यानं आकडे मोजत सुटलो. दम संपला की रडायचो, रडून झालं की पुन्हा पहिल्यापासून. मॅडमचं नाव घेतलं, इंजेक्शनचं घेतलं, आईचं तर किती वेळा घेतलं ठाऊक नाही. मुलगा आईजवळून उठून माझ्याकडे आला. "मोजा साहेब," तो माझ्या पायावर हात ठेवून म्हणाला, "मी हाओ इथं." आई त्याची नळीवर होती आणि हा मला धीर देत होता.

मला काहीही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमनी माझा अंगठा उलटसुलट पाहिला आणि कामावर लागायला सांगितलं. मावशी मात्र बरेच दिवस यंत्रावर राहिली. तिच्या खाटेची नोंद मी रोज सगळ्यात शेवटी करायचो. बोटं हलायला लागली, मग पापण्या, आणि एका सकाळी नळी निघाली.

तपासायला मलाच जायचं होतं. अंगठ्याची पट्टी मी अजून काढली नव्हती.

"मावशी," मी माझ्या मऊ आवाजात म्हटलं, "एका दमात आकडे मोजता येतील का?"

आवाज ऐकून तिनं मान वळवली. मुलाला घोगऱ्या गळ्यानं विचारलं, "हाच काय रे तो, बाजूच्या खाटेवरचा?"

"हो माय."

तिनं बोटानं मला जवळ बोलावलं. मी वाकलो.

"मरून मी राहिली होती, बाबू," ती म्हणाली, "अन् बोंबलून तू राहिला होता."