तिन्ही खुणा

माझी मामेबहीण नल्लकुंट्याला आमच्याच घरात, शेजारच्या खोलीत राहते. शाळेने मला कामावरून कमी केलं, त्याच महिन्यात तिची दुकानातली नोकरी सुटली. सरकारने बेरोजगारांसाठी मोफत कॉम्प्युटर कोर्स काढला होता, पुढे नोकरीही लावून देणार होते म्हणे. माझं अक्षर चांगलं, म्हणून तिचा फॉर्मही मीच भरला.

भाषांच्या रकान्यात तेलुगूपुढे तीन चौकोन होते: वाचता, लिहिता, बोलता. तेलुगू मी फर्डी बोलते, ती बाजारापुरती. लिहिता-वाचता दोघींनाही येत नाही. या तेलुगू मुलखातल्या आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांत ती शेजारीपाजारी खेळता खेळता येते, पाटीवर कुणी गिरवत नाही.

"कैकू डरते गं ताई, कर सगळीकडे खूण," ती म्हणाली.

तिच्या फॉर्मवर मी तिन्ही खुणा केल्या. माझ्या फॉर्मवर एकच. वडिलांची हयात सरकारी नोकरीत गेली. सरकारी कागदावर खोटं लिहायचं नाही, हे आमच्या अंगात भिनलेलं.

कोर्समध्ये मी पहिली आले. ती मागच्या बाकावर पेंगायची. शेवटी कोर्सच्या केंद्रातच एक जागा निघाली, तेलुगू लिहिता-वाचता येणारी बाई हवी होती. यादीत तिचं नाव लागलं. परीक्षा कुणी घेतलीच नाही. मला प्रमाणपत्र मिळालं.

ती पेढे घेऊन आली तेव्हा मी तोंडभरून अभिनंदन केलं आणि आत जाऊन रडले. खरं सांगते, नुसता जळफळाट झाला. तिचं ओळखपत्र, तिचा डबा, साडेनऊची बस, सगळ्याचा हेवा वाटायचा. गल्लीतले लोक म्हणत, या योजनांचा काही उपयोग नाही. मला तेही म्हणता येईना. उपयोग झाला होता, शेजारच्या खोलीत.

परवा केंद्रात नोकरीसाठी पुन्हा नाव नोंदवायला गेले. खिडकीपलीकडे ती. माझ्यापुढच्या आजोबांनी तेलुगूतली चिठ्ठी तिच्यापुढे धरली. तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या सांगण्यावरून आजोबांनीच ती वाचून दाखवली, मी मराठीत सांगितली आणि तिने कॉम्प्युटरवर टिपून घेतली. पगार तिला.

माझी पाळी आली. तिने न विचारताच माझ्या फॉर्मवर तिन्ही खुणा केल्या आणि हसली. "या वेळी नक्की होणार बघ, ताई."

वडील आठवले. 'खोड ते' असं अगदी ओठांवर आलं. मी फॉर्म ओढून घेतला आणि सही केली.