मागचा डावा स्पीकर

हे मी सुधालासुद्धा सांगितलेलं नाही. सुधा म्हणजे माझी बायको. एकतीस वर्षांच्या संसारात तिच्यापासून लपवलेल्या गोष्टी बोटावर मोजण्याइतक्या असतील, आणि त्यातल्या बाकीच्या किरकोळ आहेत. ही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरं आहे. ओळखत असता तर सांगितलं असतं का? नसतं. तेवढा धीट मी कधीच नव्हतो.

आधी खोलीबद्दल सांगतो — बघा, मुद्दा सोडून खोलीकडं वळलोच. सांगलीत विश्रामबागेत आमचं घर आहे आणि वरच्या मजल्यावर माझी ऐकायची खोली. समोर तीन स्पीकर, बाजूंना दोन, मागं दोन, छताला चार. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो. ध्वनी हा माझा आवडता धडा. साताऱ्याला हॉस्टेलवर होतो तेव्हा एका मित्राच्या भावानं बोटीवरून येताना एका रॉक अल्बमची कॅसेट आणली होती. फीत झिजेपर्यंत ऐकली ती आम्ही. अल्बमचं नाव सांगत नाही, उगाच वाद नको. चाळीसेक वर्षांनी तोच अल्बम नव्यानं मिसळून आला — गिटार समोर, ऑर्गन मागं, कोरस डोक्यावर, आणि ऐकणारा मधोमध. मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. वेड लागायला एवढं पुरलं.

ह्या नव्या मिश्रणांवरून ऐकणाऱ्यांमध्ये केवढी भाऊबंदकी आहे, तुम्हाला कल्पना नसेल. पुणं, नाशिक, बंगळूर — कुठकुठले लोक आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकमेकांची उणीदुणी काढतात. एका पक्षाचं म्हणणं, जुनं दोन स्पीकरचं तेच खरं, बाकी सगळी जत्रा. आमचे वकील निकम त्या पक्षाचे. दर रविवारी साताऱ्याहून गाडी काढून माझ्याकडं ऐकायला यायचे आणि ऐकून झालं की म्हणायचे, "गाणं पुढनं आलं पाहिजे. मागनं येतो तो चोर." दुसरा पक्ष नव्याचा, आणि त्याचा पुढारी मी. आठ महिने मी त्या अल्बमवर लिहीत होतो. कशाचं कौतुक करत होतो? मागून येणाऱ्या ऑर्गनचं. तो पोकळ, पसरट, नेमका कुठून येतोय ते न कळणारा आवाज — हीच मिसळणाऱ्याची प्रतिभा, असं मी ठासून सांगत होतो. काहीजण बिचारे लिहायचे, आमच्याकडं तर ऑर्गन मागं नीट एका जागी बसलेला ऐकू येतो. मी उत्तर द्यायचो — यंत्र बदला, नाहीतर कान. लोक "सरांचा कान" म्हणायला लागले होते. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

अशा एका रविवारी सकाळी दस्तगीरभाई आले.

दस्तगीरभाई मिरजेचे, तंबोरे करणारे. आजा, बाप, सगळे त्याच कामातले. सुधा गाते, तिचा तंबोरा दुरुस्तीला त्यांच्याकडं होता, तो पोचवायला आले होते. वर आम्ही सात-आठजण अल्बम लावून बसलेलो. सुधा म्हणाली, बसा की, ऐका, चहा घेऊनच जा. खुर्च्या रिकाम्या असून ते दाराजवळ खाली मांडी घालून बसले. रॉक त्यांनी जन्मात ऐकलेलं नव्हतं. डोळे मिटून, मान जराशी कलती करून ऐकत राहिले. संपल्यावर नेहमीप्रमाणं एकेकानं आपापलं मत दिलं. मग मी त्यांनाही विचारलं. आदरानं नव्हे — खरं सांगायचं ठरवलंय ना? गंमत म्हणून विचारलं.

ते म्हणाले, "लय मोठं काम हाय सर. पर त्यो मागचा, डाव्या अंगाचा — त्यो उलटा बोलतोय. बाकीचे म्होरं येत्यात, तवा ह्यो मागं जातोय."

निकम हसले. मी नाही हसलो. कारण हे वाक्य मी स्वतः तीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो, फक्त वेगळ्या शब्दांत. स्पीकरचा पडदा मागं-पुढं हलतो. दोन वायरी उलट्या जोडल्या की इतर पुढं येताना तो मागं जातो आणि आवाज पोकळ होतो, पसरट होतो, कुठून येतोय ते कळत नाही. मंडळी चहा-भडंगासाठी गॅलरीत गेली. मी स्पीकरमागं गुडघे टेकून बघितलं. लाल वायर काळ्यात, काळी लालमध्ये. माझ्याच हातानं जोडलेल्या. आठ महिन्यांचं सगळं कौतुक त्या दोन वायरींचं होतं.

आता सांगा, काय करायला हवं होतं? गॅलरीत जाऊन म्हणायचं, दस्तगीरभाई, शाबास, तुम्ही पकडलंत. काय झालं असतं? निकम पोट धरून हसले असते, ग्रुपवर आठवडाभर माझी टर उडाली असती, आणि संपलं असतं. वायरी तर मी लगेच सरळ केल्याच. मग सगळ्यांना आत बोलावलं आणि तोच तुकडा पुन्हा लावला. ऑर्गन मागं नीट जागेवर बसलेला — स्वच्छ. सातजणांपैकी एकाच्या लक्षात आलं असेल तर शपथ. निकम भडंग चावत होते. फक्त दस्तगीरभाईंचा चेहरा खुलला. "हां. आता सरळ झाला बगा."

आणि मी वर्गातल्या आवाजात म्हणालो, "दस्तगीरभाई, मी हातसुद्धा लावलेला नाही."

खोलीभर हसू उसळलं. निकमांनी तर मांडीवर थाप मारली. सुधा चहाचे कप गोळा करत होती, ती तेवढी हसली नाही. दस्तगीरभाई मात्र हसले. त्यांनी एकदा स्पीकरकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि माझ्यावर विश्वास ठेवला. का ठेवणार नाहीत? मी सर होतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर भित्रेपणा म्हणून भागलं असतं. पण मला त्यात गोडी लागली — हे मला सांगायचं आहे, आणि हेच सांगायला इतका वेळ लावला. पुढच्या रविवारी मीच फोन करून त्यांना बोलावलं. या, म्हटलं, तुमच्या कानाची परीक्षा घेऊ. ते येण्याआधी वायरी पुन्हा उलट्या केल्या. त्यांनी ऐकलं आणि सांगितलं, आज परत उलटा हाय. मी मान हलवली — गेल्या रविवारी होतं तसंच आहे. त्यापुढच्या रविवारी सरळ ठेवल्या. ते सरळ म्हणाले. मी म्हणालो, चुकलात, आज मुद्दाम उलटा केलाय. तीन रविवार. तिन्ही वेळा तो माणूस बरोबर होता. तिसऱ्या वेळी मी तोच तुकडा आणखी एकदा लावला आणि पुन्हा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "कळंना सर." त्या दुपारी मी दोन घास जास्त जेवलो.

तुम्ही म्हणाल, एका स्पीकरचं काय एवढं? तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात ना, तिचा माथा कानशीनं केसभर घासायचा, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, छेडायचं, ऐकायचं — आणि एका जागी तार अशी उघडते की सगळी खोली भरून जाते. त्याला जवारी म्हणतात. ती जागा मापानं सापडत नाही, यंत्रानं सापडत नाही. ती फक्त कानाला कळते. दस्तगीरभाईंच्या घरात वडलोपार्जित म्हणून जे काही होतं ते एवढंच, आणि मी नेमका त्यालाच हात घातला होता.

निकमांनी ती गोष्ट रंगवून रंगवून सगळीकडं सांगितली. पण गिऱ्हाईक तुटलं ते निकमांमुळं नव्हे. दस्तगीरभाई जवारी काढून झाली की समोरच्याला विचारायला लागले — "लागली का हो?" करणाराच विचारायला लागला, तर घेणाऱ्यानं काय समजावं? गाणारी माणसं हळूहळू दुसरीकडं वळली.

एकदा ते कानाची तपासणी करून आले. कागद घेऊन थेट माझ्याकडं. "मशीन म्हनतंय कान ठीक हाय. मग तुमच्याकडं आसं का झालं सर?" दारातच उभे होते. तेव्हा सांगता आलं असतं. एका वाक्यात. मी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं की ऐकू येणं वेगळं आणि पारख वेगळी. पन्नाशीनंतर मेंदू फसवतो, माणसाला आपण बरोबरच आहोत असं वाटत राहतं. शास्त्र आहे, म्हटलं. त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली. "व्हय. तुमी म्हंता म्हंजी तसंच आसंल." मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो.

आता ते कुपवाडला एका कारखान्यात प्रेसवर आहेत. पत्रा कापायचं काम. दिवसभर धाडधाड. कानात घालायला बोळे देतात, पण ते घालत नाहीत म्हणे. कशाला घालायचे, असं सुधाला म्हणाले.

मागच्या महिन्यात सुधाच्या तंबोऱ्याची जवारी गेली. तिनं दोघा-तिघांना दाखवला. कुणाचं काम तिच्या मनास येईना. शेवटी कुपवाडला जाऊन ती दस्तगीरभाईंनाच घेऊन आली. ते नको नको म्हणत होते — "वैनी, माजा कान गेलाय" — तरी आले. मोटारसायकलवरून कामाच्याच कपड्यांत. वरच्या खोलीत बसले, कारण तिथं शांतता असते. कानस फिरवली. दोरा सरकवला, छेडलं, सरकवला, छेडलं. आणि तार उघडली. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण ते मलाही कळलं. सुधानं डोळे मिटून घेतले. खोलीत दुसरं काही उरलंच नाही.

दस्तगीरभाईंनी तंबोऱ्याकडं पाहिलं नाही. सुधाकडंही नाही. माझ्याकडं पाहिलं.

"सर, लागली का?"

मी म्हणालो, "नाही. अजून थोडी."

का म्हणालो? आता तर अब्रूही पणाला लागलेली नव्हती. त्यांनी विचारलं, म्हणून म्हणालो. दुसरं कारण मला शोधूनही सापडत नाही. सुधानं डोळे उघडले. दस्तगीरभाईंनी दोरा सरकवला. तार बसली, डबा वाजवावा तसा आवाज यायला लागला. "हां," मी म्हटलं, "आता लागली." त्यांनी मान डोलावली, कानस फडक्यात गुंडाळली आणि पाळी गाठायची म्हणून चहासुद्धा न घेता गेले.

त्यानंतर सुधानं तंबोरा वाजवलेला नाही. गवसणी घालून माझ्याच खोलीच्या कोपऱ्यात उभा करून ठेवला, आणि तिथून तो हलवायचा नाही एवढं बजावलं. अल्बममध्ये ऑर्गन सुरू झाला की त्या तारा आपोआप गुणगुणतात. अनुनाद. हाही धडा मी शिकवलेला आहे. दर वेळी, त्याच जागी, मागच्या डाव्या स्पीकरशेजारी. ऐकणं अशक्य झालं. गेल्या आठवड्यात मी गवसणी सोडून चारही तारा सैल केल्या.

काल सुधा झाडलोट करायला वर आली होती. तिनं गवसणी काढली, तारांवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "ह्या कुणी उतरवल्या?"

"मी हातसुद्धा लावलेला नाही," मी वर्गातल्या आवाजात म्हणालो.