जागा सोडणारं इंजिन

पोहता न येणाऱ्या माणसाने नावेत बसू नये, आणि बसलाच तर तिच्या इंजिनाची पारख करायला तरी बसू नये.

सन साठ-पासष्टचा सुमार. सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णाकाठी माझी सासुरवाडी. सासऱ्यांची नाव वल्ह्यांवर चालायची. माझा मेव्हणा सदा पलटणीतून सुट्टीवर आला, तो नावेच्या मागे लावायची दोन जुनी इंजिनं भंगारातून घेऊनच. दोन्ही टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. एक ठेवायचं, एक परत द्यायचं. निवड कोणी करायची? तर जावयाने! कारण तासगावला विहिरीवरचं ऑइल इंजिन मी रोज सुरू करत होतो, आणि हे सासुरवाडीत जरा जास्तच वेळा सांगून झालं होतं.

त्यातल्या त्यात नवं इंजिन दिसायला देखणं. त्याला गियर होता, न्यूट्रल होतं, म्हणजे इंजिन चालू असूनही नाव जागची हलू नये. दोरी ओढून ओढून आमचे खांदे निखळायची वेळ आली, पण ते हूं नाही की चूं नाही.

जुन्याचं चाक वर उघडंच. त्याला दोरी गुंडाळायची आणि ओढायची. गियर नाहीच, मागे जायचं तर अख्खं इंजिन उलटं फिरवायचं. सासूबाईंनी हळदकुंकू वाहून त्यालाही झेंडूचा हार घातला. (पूजा झाल्याशिवाय आमच्याकडे घरात आलेल्या यंत्राला कोणी हात लावत नाही.)

ते नावेच्या मागे बसवून मी एकटा आत चढलो, तेव्हा सदाने काठावरून विचारलं, "दाजी, नाव बांधू का?"

"कशाला रं? नुसतं सुरू करून बघायचंय. जागंवरच चालंल की."

(विहिरीवरच्या इंजिनाने जन्मात कधी जागा सोडली नव्हती.)

एका झटक्यात ते पेटलं, नाव सुटली आणि मी उताणा! उठून पाहतो तर काठावरची माणसं लहान होत चाललेली आणि समोरचा पुलाचा दगडी खांब मोठा. बंद करायचा दांडा चाकाखाली, आणि चाकाबरोबर फिरलेला झेंडूचा हार त्या दांड्याला असा आवळून बसलेला की तो हलेना.

"दाजी, इंजिन फिरवा!" सदा काठाने पळत ओरडत होता.

मी इंजिनाला मिठी मारली, डोळे मिटले आणि फिरवलं. खांबापासून हातभर अंतरावर नाव वळली आणि तिथेच गरागरा फिरू लागली. आता काही आपण वाचत नाही, असं मला मनापासून वाटलं. तासगावच्या गणपतीपासून जोतिबापर्यंत सगळ्यांना मी नवस बोललो. (त्यातले बरेच अजून फेडायचे आहेत.)

पेट्रोल संपलं तेव्हा कुठे ते थांबलं. सदाने पोहत येऊन नाव ओढत काठाला आणली. मला दोघांनी धरून उतरवलं. सासरे मात्र शांतपणे म्हणाले, "बोला जावईबापू, कुठलं ठेवायचं?"

मी नव्याकडे बोट दाखवलं.

"आवं, पर ते सुरूच हुत न्हाई."

"म्हणूनच."

सासऱ्यांनी मान डोलावली आणि तेच ठेवलं. ते पुढेही कधी सुरू झालं नाही. पडवीत त्याच्यावर सासूबाईंच्या मिरच्या वाळत पडायच्या, आणि सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगायचे, "आमच्या जावयानं सोता पारखून घेतलंय."