वर्दीत आलं म्हणजे झालं?

मी अमोनियाला क्लोरीन समजून चालू पंप बंद केला, भर कामात, साहेबांचा हुकूम नसताना. त्यावरून अख्ख्या अग्निशमन दलात माझं हसं झालं, बढती गेली, आणि निवृत्त होईपर्यंत मी ड्रायव्हरचा ड्रायव्हरच राहिलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ‘अहो, पण तुम्ही चुकलाच होतात की’ असं कुणी मधे तोंड घालायला नको. चुकलो होतो. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बंद करीन.

मी कसब्यातला, तांबट आळीतला. आमच्याकडे सकाळपासून भांड्यांवर हातोडे पडत असतात. घसा फोडल्याशिवाय शेजारच्यालाही हाक ऐकू जात नाही. त्यामुळे माझा आवाज मुळातच चढा. बायको म्हणते, ‘अहो, मीठ मागताय की कुठं आग लागलीय?’ दलात हा आवाज कामाचा होता. बंब चालवायचा आणि जागेवर पोचलो की त्याचा पंप सांभाळायचा, हे माझं काम. पाणी सोडणारा हात माझा, हुकूम स्टेशन ऑफिसरचा. त्यांना आम्ही नुसतं ‘साहेब’ म्हणायचो.

आगीची किंवा गळतीची खबर फोनवर आली की तिला आम्ही वर्दी म्हणतो. घाबरलेला कुणीतरी फोनवर काहीतरी ओरडतो, कंट्रोल रूममधला माणूस त्याचे चार शब्द करतो, आणि ते शब्द घंटेबरोबर आमच्या कानावर पडतात. बंब फाटकाबाहेर पडेपर्यंत ते खरे झालेले असतात. मग जागेवर जाऊन आम्ही काय बघायचो? वर्दीत आलेलं तेवढंच. हल्ली नव्या जवानांना पडद्यावर चित्रं दाखवून शिकवतात, मनाचा कल काय, पूर्वग्रह काय. चांगलं आहे. आमच्या वेळी याला अनुभव म्हणायचे.

त्या दुपारची वर्दी होती हडपसरच्या वाटेवरच्या बर्फाच्या कारखान्याची. अमोनिया गळतोय. तिथं आम्ही आधीही गेलो होतो आणि दर वेळी अमोनियाच निघाला होता, त्यामुळे बंबात कुणी डोकं चालवायचा प्रश्नच नव्हता. साहेब पुढं बसून म्हणाले, ‘नेहमीचंच आहे. पाण्याचा फवारा धरायचा, एकानं आत जाऊन व्हॉल्व्ह बंद करायचा, चहाला परत.’ आत जाणार होता माझा जोडीदार. आम्ही दोघं एकाच दिवशी भरती झालेलो. त्याचा डबा मी खायचो, माझा तो, आणि दोघांच्या बायका एकमेकींना विचारायच्या की भाजी नक्की कुणाला आवडली नाही.

पाठीवर हवेची टाकी आणि तोंडाला मास्क, असा श्वासाचा सेट आमच्या बंबावर नव्हता. तो मुख्य स्टेशनवर. आमची पद्धत अशी, की ओला पंचा तोंडाला बांधायचा आणि दम धरून आत घुसायचं. थोडक्या अमोनियाला ते कसंबसं चालून जायचं. गॅस ओळखायचं यंत्र म्हणजे साहेबांचं नाक. साहेब उतरले, एकदा हुंगलं आणि म्हणाले, ‘अमोनिया.’ झालं!

मीही हुंगलं. मलाही अमोनियाचाच वास आला, आणि तिथंच माझी टरकली. कारण तो वास मला स्टेशनातून निघाल्यापासून येत होता. कारखाना अजून दिसायचा होता, वारा उलटा होता, आणि तरी मला वास येत होता! मग या नाकावर विश्वास ठेवायचा तरी कसा? डोळ्यांना दिसत होतं ते वेगळंच होतं. पांढरी वाफ वर जायच्या ऐवजी गटाराच्या कडेनं लोळत चालली होती. अमोनिया हलका, तो वर जातो. खाली बसतो तो क्लोरीन. क्लोरीन पिवळट असतो म्हणतात, पण त्या वाफेत मला रंग काही कळेना. आणि कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये क्लोरीनची सिलिंडरं मी मागच्या खेपेला पाहिली होती. गळक्या क्लोरीनवर पाणी मारलं तर लोखंड खाल्लं जातं, भोक मोठं होतं. त्यात नुसता पंचा बांधून गेलेला माणूस परत यायचा नाही.

‘साहेब, क्लोरीन असलं तर?’

‘वर्दीत काय आलंय?’

‘अमोनिया. पण साहेब...’

‘मग? तू काय रसायनशास्त्राचा प्राध्यापक लागून गेलास? पाणी वाढव.’

जोडीदार दाराशी पोचला होता. मी पंप बंद केला. पाण्याचा होज लुळा पडला, आणि मी आळीतला सगळा आवाज काढून ओरडलो, ‘आत पाऊल टाकशील तर खबरदार! परत फीर!’ तो वळला, माझ्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं आणि मागं आला. साहेबांचा चेहरा लालभडक झाला. मी म्हणालो, ‘मुख्य स्टेशनवरून सेट येऊ द्या. तोवर मी पाणी सोडणार नाही. मला खाली उतरवायचं असेल तर उतरवा.’ त्यांनी खरंच उतरवलं असतं, पण पंप चालवणारा दुसरा कुणी नव्हता.

सेट यायला बराच वेळ गेला. कारखान्याचा मालक आमच्या नावानं शंख करत होता, रस्ता तुंबला होता, स्वारगेटकडे निघालेल्या बसमधली माणसं खिडकीतून खोकत होती. शेवटी एकजण मास्क लावून आत गेला, व्हॉल्व्ह बंद करून बाहेर आला आणि म्हणाला, ‘अमोनियाच आहे. शेडमधली सिलिंडरं रिकामी आहेत.’ थंडगार अमोनिया सुटला की तोही आधी जमिनीलगतच लोळतो, हे मला नंतर समजलं. म्हणजे मी तोंडावर आपटलो.

दुसऱ्या दिवसापासून माझं नाव क्लोरीन पडलं. चहा आला की ‘आधी क्लोरीनला हुंगायला द्या’, संडासातून वास आला की ‘क्लोरीनला विचारा, पाणी ओतू का’. पहिल्यांदा हसले ते साहेब, आणि साहेब हसल्यावर बाकीच्यांना काय, रानच मोकळं. मला तांडेल व्हायचं होतं, म्हणजे तुकडीचा पुढारी जवान; माझी पाळी आलीच होती. साहेब म्हणाले, हुकूम मोडल्याबद्दल माफीनामा लिहून दे, बढतीचं बघतो. मी म्हणालो, ‘गॅस ओळखण्यात चुकलो, थांबवण्यात नाही. कळत नव्हतं म्हणून थांबवलं. तुम्हाला तरी कुठं कळत होतं? तुमचं नुसतं बरोबर निघालं.’ बढती गेली. बायको म्हणाली, ‘बरं झालं, आणखी आवाज वाढला असता.’ मग स्वयंपाकघरात जाऊन एकटीच रडली. ते मला दिसलं, तरी माफीनामा दिला नाही.

मग काही महिन्यांनी आणखी एक वर्दी आली. स्वारगेटच्या अलीकडे भंगाराचं गोदाम, आग, भरपूर धूर. माझी साप्ताहिक सुट्टी होती. तेच साहेब, तीच तुकडी, आणि नोझल माझ्या जोडीदाराच्या हातात. वर्दीत आग म्हटलं होतं, त्यामुळे सगळ्यांना आग दिसली. ज्वाळा नाही, धग नाही, धूर पिवळट आणि गुडघ्याच्या उंचीवर, तरी आगच. भंगारवाल्यानं क्लोरीनचं एक जुनं सिलिंडर गॅसकटरनं कापायला घेतलं होतं, आणि ते रिकामं नव्हतं. जोडीदार पाणी मारत आत शिरला आणि तिथंच कोसळला. बाकीच्यांनी पाय धरून ओढून काढला म्हणून वाचला.

मी दवाखान्यात गेलो. नाकात नळी, ओठ निळसर, दोन शब्द बोलला की थांबायचा. मला बघून म्हणाला, ‘दिसलं होतं मला. रंग दिसला होता.’

‘मग बोलला का नाहीस, लेका?’

‘म्हटलं... स्टेशनात... आणखी एक क्लोरीन नको.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी हजेरीला सगळे रांगेत उभे असताना मी साहेबांसमोर जाऊन उभा राहिलो. म्हणालो, ‘तुम्ही माझी मस्करी केलीत ना, ती त्याच्या छातीत गेलीय. जाऊन बघून या.’ साहेब खाली बघून एवढंच म्हणाले, ‘वर्दीत आग म्हटलं होतं.’ चौकशीतही त्यांनी तेच सांगितलं, आणि चौकशीला ते पटलं! मला शिस्तभंगाची आणखी एक नोटीस मिळाली. घ्या!

जोडीदाराची छाती काही भरून आली नाही. जिना चढला की त्याला बसावं लागायचं. बंबावर त्याला कोण घेणार? दलानं त्याला हलकं काम दिलं, कंट्रोल रूममध्ये, फोनवर. आता वर्द्या तोच सांगायचा. त्याची पहिलीच वर्दी वायरलेसवर आली तेव्हा मी बंबात बसलो होतो. धापा टाकत तो म्हणाला, ‘फोनवाला म्हणतो... कसब्यात... स्टोव्हचा भडका... फोनवाला म्हणतो.’ प्रत्येक वर्दीला हेच, आधी आणि शेवटी. सगळे अधिकारी वैतागले. आमच्या साहेबांनी तर एकदा आमच्यासमोरच वायरलेसवर त्याला झापलं, की आधीच तुला धाप लागते, हे फालतू शब्द गाळत जा आणि काय लागलंय ते सरळ सांग.

पलीकडून आधी त्याची धाप ऐकू आली. मग तो म्हणाला, ‘पत्ता गाळीन, साहेब... हे नाही गाळणार.’