सासूबाईंचं रोजचं उत्तर

नव्वदच्या दशकात बारामतीच्या एका दवाखान्यात मी नवखी डॉक्टर होते. डोकं तापट. पेशंटपेक्षा नातेवाइकांशीच माझं जास्त वाजायचं. प्रश्न विचारायचा पेशंटला आणि उत्तर द्यायचं अख्ख्या गोतावळ्याने, ही तिथली रीतच होती.

इंदापूरकडच्या एका गावातली शिक्षिका आली. जीव द्यायचा प्रयत्न केला होता, कशीबशी वाचली. पण मधल्या वेळात मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. शुद्धीवर आल्यावर माणसं ओळखायची, मात्र नवं काही डोक्यात टिकत नव्हतं. सारखं विचारायची, मला काय झालंय? हे सुधारेल की बाई अशीच राहील, ते आमच्या मोठ्या डॉक्टरांनाही सांगता येईना.

दीर म्हणाला, ताप डोक्यात गेला असंच हिला सांगू, गावातही तेच सांगितलंय. सगळ्यांनी माना डोलावल्या. सासूने मात्र सगळ्यांना बाहेर काढलं आणि सुनेचा हात हातात घेतला. "तू जीव द्यायला निघाली हुतीस. वाचलीस. आमाला तू पायजेस."

सून रडली. घटकाभराने विसरली आणि पुन्हा विचारलं. सासूने पुन्हा तेच सांगितलं, पहिल्यांदाच सांगतेय अशा आवाजात. दिवसभर हेच, दुसऱ्या दिवशीही हेच. मी विचारलं, मावशी, कंटाळा येत नाही? त्या म्हणाल्या, खोटं सांगितलं तर उद्या ती कुणावर भरवसा ठेवील? तिच्या ध्यानात राहायला लागलं की मग निवांत विचारीन, का केलंस म्हणून; माझ्या पोराला, तिच्या नवऱ्याला, शेजारी बसवून. त्या बाईचं मला फार कौतुक वाटायचं. राऊंडला मी सुनेला आज कोणता वार असं विचारलं की त्या पदर तोंडात धरून बसायच्या. उत्तर अगदी ओठांवर आलेलं दिसायचं, पण कधी दिलं नाही.

बरेच दिवस असेच गेले. एका सकाळी मी नेहमीसारखं विचारलं, कालचं काही आठवतं का? सासूच्या तोंडात पदर. सून त्यांच्याकडे वळली.

"आत्याबाई, तुमी काल बी सांगितलं हुतं. मी मरायला निघाले हुते म्हणून." थोडं थांबून म्हणाली, "तुमी कायतरी खाल्लं का न्हाय?"

सासूच्या तोंडातला पदर सुटला. तोच त्यांनी डोळ्यांना लावला.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "आता तुज्यासंगं खाते."