चारशे यार्डावरचा बारशिंगा

आता तुमच्यापासून काय लपवायचं? बालाघाटात बसून अमेरिकेतल्या शिकारीपायी जंगल खात्याच्या रेंज ऑफिसच्या बाकड्यावर पोचलेला माणूस अख्ख्या जिल्ह्यात मी एकटाच. तेही स्वतःच्या तोंडामुळे.

सिंचाई विभागात मी जन्मभर बाबूगिरी केली. जंगलाशी संबंध फायलीपुरता. पण गजाननच्या चहाच्या टपरीवर मी शिकारी होतो. तरुणपणी तिरोडीकडच्या रानात एकाच गोळीत रानडुक्कर कसं आडवं केलं, हे तिथे इतक्यांदा सांगितलं की दरवर्षी त्या डुकराचं वजन वाढत गेलं. खरं विचाराल तर बंदूक मी एकदाच हातात धरली, फोटोपुरती. बंदूक दुसऱ्याची होती.

माझा भाचा निखिल अमेरिकेत मोंटानाला असतो. लहानपणी हेच डुक्कर ऐकत ऐकत जेवलेलं पोरगं. त्याचा फोन आला.

"मामा, ऑफिसातल्या लोकांसंग एल्कच्या शिकारीले जाऊन राह्यलो. परवाना काढला. लय दुरून मारा लागते म्हणतात. रायफल कोणत्या कॅलिबरची घेऊ?"

एल्क काय, मला माहीत नव्हतं. कॅलिबर काय, तेही नव्हतं. शहाण्या माणसाने इथेच "बाबा, मले नाही समजत" म्हणून फोन ठेवला असता की नाही? मी जड आवाजात म्हणालो, "विचार करून सांगतो."

मग चार दिवस मोबाइल सोडला नाही. एल्क म्हणजे आपल्या कान्हाच्या जंगलातल्या बारशिंग्यासारखाच, पण अंगाने दुप्पट. कॅलिबर म्हणजे नळीचं माप. साडेसहाची क्रीडमूर रायफल धक्का कमी देते, पण लांबवरून एवढ्या धुडाला कमी पडू शकते. सात एमएम मॅग्नम चांगली. तीनशे मॅग्नम सगळ्यात भरवशाची, पण खांद्याची परीक्षा पाहते. बायको म्हणाली, "एवढा अभ्यास नोकरीत केला असता तं साहेब झाले असते."

पाचव्या दिवशी सकाळी टपरी भरलेली पाहून मी निखिलला फोन लावला. स्पीकरवर, अर्थात. ज्ञान काय एकट्याला द्यायचं असतं? आणि एल्क म्हटलं तर टपरीवर कोणाला कळणार, म्हणून मी आपला बारशिंगाच म्हणत होतो.

"लिहून घे. बारशिंगा चारशे यार्डावर उभा आहे. साडेसहा घेऊ नको, जखमी होऊन पळून जाईन. तीनशे मॅग्नम घे. खांद्याच्या मागं नेम धर. जागीच बसला पाह्यजे."

"हौ मामा. शनिवारी जातो."

फोन ठेवला, अभिमानाने मागे पाहिलं. मागच्या बाकावर साध्या कपड्यातला एक माणूस चहा तसाच ठेवून उठत होता. तो नाकेदार होता, म्हणजे जंगल खात्याचा पहारेकरी. बारशिंगा म्हणजे आमचा राज्यप्राणी, त्याला मारलं तर थेट जेल.

"बाबूजी, जरा ऑफिस चलिए."

रेंज ऑफिसात डिप्टी साहेबांनी कागद पुढे ओढला.

"बारासिंगा किधर है?"

"अमेरिका में, साहब."

"रायफल?"

"भांजे के पास."

"भांजा?"

"मोंटाना में."

"ये किस तहसील में पड़ता है?"

निखिलला फोन लावला तर बंद. तिकडे झोपायची वेळ. मला जेल दिसू लागली, जमानतीसाठी धावणारी बायको दिसू लागली, अडकलेली पेन्शन दिसू लागली. शेवटी कबूल केलं की साहेब, मी आयुष्यात गोळी झाडली नाही, सगळ्या बाता आहेत.

"शिकारी तो यही बोलता है," साहेब म्हणाले. "भांजे का फोन लगने तक चौक के पाँच लोगों से लिखवा के दो कि तुम शिकारी नहीं हो."

आता आली का पंचाईत? जेलपासून वाचायचं तर इतक्या वर्षांची अब्रू स्वतःच्या हाताने घालवायची. नाकेदाराने गजाननला आणि टपरीवरच्या मंडळींना आणलं. मी मान खाली घालून म्हणालो, "गजानन, राग मानू नको. ते डुक्कर खोटं होतं."

गजाननने ओले हात शर्टाला पुसले. "कुठं सही करू?"

"तुले धक्का नाही बसला?"

"काहून बसन बाबूजी? आमाले पह्यल्या दिवशीच मालूम होतं. तुमी सांगता मस्त, म्हणून आयकतो."

पाच सह्या हव्या होत्या, अकरा झाल्या. ज्यांना आत जागा मिळाली नाही त्यांनी खिडकीतून केल्या. साहेबांचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला.

तेवढ्यात खबर लागून माझा डबा घेऊन बायको पोचली. कागद सावकाश वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "साहेब, घरात उंदीर निघाला तं हे खाटेवर चढून मले आवाज देतात. हे बी लिहा."

साहेबांनी तेही लिहिलं आणि मला जायची परवानगी दिली. फक्त जाण्याआधी, वरील सर्व मजकूर खरा असल्याबद्दल खाली माझी सही घेतली.